वाचक विचारतात : हवं, वाटतं, दिसतं

अकरावीचे वर्ग सुरू झाले की या सदराकडे येणाऱ्या प्रश्नांचा रंगच बदलतो, दरवर्षीचं आहे. यंदा तर मेल आणि व्हॉट्सअ‍ॅप मिळून निम्म्याहून जास्त प्रश्न राज्यशास्त्रावरच आलेत, शिक्षकांचे, पोरांचे, एका आईचा, आणि एका चिडलेल्या वडिलांचा पण. त्यामुळे हा अंक त्यांचा. बाकीचे पुढच्या वेळी, रागावू नका.

प्रश्न : मॅडम नमस्कार. मी यंदापासून ज्युनिअर कॉलेजला राज्यशास्त्र शिकवतोय, तासिका तत्त्वावर. पटावर साठ नावं, हजर तीस-पस्तीस. बहुतेकांनी विषय घेतलाय तो 'गाईड वाचलं तरी निघतो' म्हणून. पहिल्या दिवशी राज्याची व्याख्या आणि चार घटक घेतले तर मागे दोघं चक्क झोपले. ट्रेनिंगला गेलो की सांगतात मूल्यं रुजवा, संकल्पना स्पष्ट करा, पुराव्यावर विचार करायला शिकवा. हे तिन्ही एका तासात आणायचं कसं आणि सुरुवात कुठून करायची? (एक शिक्षक, बीड जिल्हा)

उत्तर : सर, दोघंच झोपले म्हणजे बरं चाललंय तुमचं. माझ्या पहिल्या वर्षी कुणीच झोपलं नव्हतं, कारण मी सगळं लिहूनच देत होते आणि लिहिताना झोप येत नाही, डिक्टेशनचा तेवढा एकच फायदा. लोकसंख्या, भूप्रदेश, शासनसंस्था, सार्वभौमत्व, खाली रेघ मारा. वर्गात सावंतवाडीकडचा एक मुलगा होता, मामाचं घर गोव्यात, पेडण्याला. त्याने हात वर केला. "मॅडम, मग गोवा राज्य नाही का? त्यांच्याकडे सार्वभौमत्व कुठंय?" मी म्हटलं ते घटकराज्य. तर म्हणतो, मग पेपरात, पुस्तकात, आपल्या एसटीवर सगळीकडे नुसतं राज्यच का लिहितात? आणि मी, खरं सांगते, म्हणाले की हे परीक्षेला येत नाही, बस खाली.

अजून आठवलं की कान गरम होतात. त्या पोराने भाषेतला घोळ बरोबर पकडला होता, मराठीत 'राज्य' हा एकच शब्द दोन कामं करतो, भारत हे पण राज्य आणि महाराष्ट्र हे पण राज्य, आणि आपण शिक्षक तो घोळ न सोडवता पुढचा मुद्दा सांगतो. बरं गोव्याचं उदाहरण तर त्याने ताटात वाढून दिलं होतं. १६ जानेवारी १९६७ ला गोव्यात मतदान झालं, महाराष्ट्रात विलीन व्हायचं की वेगळं राहायचं. विलीनीकरणाची निशाणी फूल, वेगळं राहण्याची दोन पानं. दोन पानांना १,७२,१९१ मतं पडली आणि फुलाला १,३८,१७०. गोवा केंद्रशासित राहिला आणि पुढे ३० मे १९८७ ला घटकराज्य झाला. आता बघा, भाषा जवळची म्हणून एकत्र यावं की आपली ओळख वेगळी म्हणून वेगळं राहावं, हा मूल्याचा प्रश्न. एवढ्याशा प्रदेशाचा कारभार मोठ्या राज्यात गेल्यावर बरा चालेल की त्याकडे कुणी बघणारच नाही, हा अंदाजाचा प्रश्न. आणि ३४,०२१ चा फरक, हा आकडा. सगळं माझ्यासमोर उभं होतं, पेडण्याच्या मामासकट, आणि मी म्हटलं बस खाली.

तेव्हापासून माझा पहिला तास व्याख्येने सुरू होत नाही. फळ्यावर तीन रकाने पाडते, वर लिहिते 'हवं', 'वाटतं', 'दिसतं'. मूल्य, विचार, पुरावा हे जड शब्द दिवाळीनंतर आले तरी चालतात. मग गावात ज्यावरून खरंच भांडणं होतात असा विषय टाकते. तुमच्याकडे बीडला तर शोधावा पण लागणार नाही. माझा ठरलेला विषय म्हणजे सरपंच गावाने थेट निवडावा की निवडून आलेल्या सदस्यांनी आपल्यातून निवडावा. आपल्या राज्यात (हो, घटकराज्यात) याचं काय झालंय तुम्हाला माहितीय, आधी सदस्य निवडायचे, २०१७ ला थेट निवडणूक आली, २०२० ला सरकार बदललं होतं तेव्हा ती रद्द झाली, २०२२ ला परत सरकार बदललं आणि थेट निवडणूक परत आली. म्हणजे पाच वर्षांत तीनदा नियम फिरला, आणि पोरांच्या घरातले लोक त्या निवडणुकांना उभे होते, पडले होते, जिंकले होते. झोपेल कोण?

मग पोरं जे बोलतात ते जसंच्या तसं फळ्यावर. एकदा एकजण म्हणाला, "गावानेच निवडला पाहिजे, लोकशाही आहे ना." हे कुठल्या रकान्यात? 'हवं'. दुसरी म्हणाली, "थेट निवडला की अडीच वर्षांनी पाडापाडी होत नाही, कामं होतात." हे 'वाटतं', कारण ती सांगतेय अमुक केलं की तमुक होईल. तिसरा उठला, "सदस्यांनी निवडायचं असलं की सदस्य पळवतात, आमच्याकडे सगळे आठ दिवस महाबळेश्वरला होते." वर्ग हसला. हे 'दिसतं'मध्ये घातलं, पण पुढे लिहिलं 'एक गाव'. आणि मग वर्गाला विचारलं, अजून किती गावांत? सात हात वर आले. आता थेट निवडीच्या वेळी पैसे वाटले नाहीत असं गाव कुठलं? एकही हात नाही, नुसती कुजबुज. त्या कुजबुजीवर मी काहीच बोलले नाही, सर, तिथे गप्प बसायचं, फार काम होतं त्याने.

शेवटच्या बाकावरची एक मुलगी, जिची आत्या थेट सरपंच होती, ती हळूच म्हणाली की आत्या एका पॅनलची आणि सदस्य सगळे दुसऱ्या पॅनलचे, दोन वर्षं साध्या गटाराचा ठराव पास झाला नाही. झालं, वर्गाचा सूरच बदलला. ज्याला वाटत होतं की थेट निवड म्हणजे काम होणारच, त्याच्या 'वाटतं'ला 'दिसतं'ने धक्का दिला. पण त्याचं 'हवं' मात्र तसंच राहिलं, तो म्हणाला काम अडलं तरी चालेल पण गावानेच निवडावा. मी म्हटलं चालेल, पण ही किंमत मोजायची तयारी आहे हे तू आता कबूल केलंयस, वहीत लिही. मला वाटतं राज्यशास्त्र तिथे सुरू होतं, ज्या क्षणी पोरगं आपल्या मताची किंमत लिहून काढतं.

पुढच्या तासाला याच धाग्याने प्रतिनिधित्वाची संकल्पना येते, तुमच्या पाठ्यपुस्तकात आहेच. २०१७ च्या त्याच बदलात अजून एक अट होती, १ जानेवारी १९९५ ला किंवा नंतर जन्मलेल्याला सरपंच व्हायचं तर सातवी पास पाहिजे. यावर वर्ग सरळ दोन भागांत फुटतो, आणि गंमत म्हणजे ज्यांचे आईवडील शिकलेले नाहीत तीच पोरं बऱ्याचदा अटीच्या बाजूने असतात. त्यांना सांगा की हरयाणाने अशीच अट, तिथे ती बरीच कडक होती, घातली आणि सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०१५ मध्ये ती वैध ठरवली. मग विचारा, कोर्टाने वैध म्हटलं म्हणजे योग्य आहे असं झालं का? शिकलेला सरपंच कारभार चांगला करतो हे 'दिसतं' आहे की 'वाटतं'? आणि समजा दिसलं तरी न शिकलेल्या बाईचा उभं राहायचा हक्क काढून घ्यायचा का? या शेवटच्या प्रश्नाला आकडा नाही. पोरांना ते जाणवलं पाहिजे, की काही प्रश्न मोजून सुटतात आणि काही मोजून सुटत नाहीत, पण न मोजताच बोललो तर दोन्ही नासतात.

प्लेटो-अ‍ॅरिस्टॉटल कधी, असं विचाराल. येऊ द्या त्यांना सप्टेंबरात. कोण राज्य करायला लायक हा प्लेटोचा प्रश्न सातवीच्या अटीवर भांडलेल्या वर्गाला सांगितला की ते म्हाताऱ्याला ओळखतात, नाहीतर नुसतं इसवीसनपूर्व पाठ करतात. आणि पोर्शनची काळजी आहे माहितीय मला, तासिकेवाल्याला तर जास्तच, पण हे दोन तास गेले की पुढचे पाच वाचतात, माझ्या बावीस वर्षांचा अनुभव आहे.

प्रश्न : ताई, माझ्या मुलीला दहावीला ८४ टक्के पडले आणि तिने हट्टाने आर्ट्स घेऊन राज्यशास्त्र घेतलं. सासरचे म्हणतात पुढारी करायचीय का पोरगी? घरात आधीच राजकारण कमी आहे का? मला काय उत्तर द्यावं सुचत नाही. (एक आई, इचलकरंजी)

उत्तर : अहो, त्या दुसऱ्या वाक्यातच सगळं आलं की. 'घरात राजकारण', 'ऑफिसात राजकारण', 'तू यात राजकारण आणू नकोस', आपल्याकडे हा शब्द जवळजवळ शिवीसारखा वापरतात, कुरघोडी, कान भरणं या अर्थाने. त्यामुळे राज्यशास्त्र म्हटलं की लोकांना वाटतं पोरगी कान भरायचं शिक्षण घेतेय. सासूबाईंना सांगा की रेशन दुकानात यादी कोण ठरवतं, इचलकरंजीला पाणी कुठून आणायचं यावर इतकी वर्षं का भांडण आहे, नगरपालिकेची महापालिका झाली की घरपट्टीचं काय होतं, हे ती शिकणार आहे. इचलकरंजीकराला पाण्यावरून विषय पटवून द्यावा लागतो म्हणजे कमालच. पुढे एमपीएससी, वकिली, पत्रकारिता, संशोधन, वाटा भरपूर आहेत, आणि पुढारी झाली तरी काय बिघडलं? ८४ टक्केवाली पुढारी आपल्याला नकोय का?

प्रश्न : मी एफवायबीएला आहे. आमचे सर म्हणतात "तुमचं मत नको, पुरावा द्या" आणि पुढच्याच तासाला म्हणतात संविधानिक मूल्यं अंगी बाणवा. पण मूल्य म्हणजे पण मतच ना? मी वर्गात म्हटलं की महिला आरक्षणाचा काही उपयोग नाही, बाई नावाला सरपंच आणि सगळा कारभार नवरा बघतो, आमच्याच गावात आहे. तर सर म्हणाले पुरावा काय. मी डोळ्यांनी बघतेय, अजून काय पुरावा असतो? (एक विद्यार्थिनी, सातारा जिल्हा)

उत्तर : अगं, तुझा राग बरोबर आहे आणि तुझे सर पण बरोबर आहेत, फक्त त्यांनी अर्धंच सांगितलं. मराठीत 'मत' शब्दाची मजा बघ, बूथवर टाकतो ते पण मत आणि वर्गात मांडतो ते पण मत. टाकायच्या मताचं कारण कुणाला द्यावं लागत नाही, गुप्तच असतं ते. मांडायच्या मताचं मात्र द्यावं लागतं. मूल्य हे या दुसऱ्या जातीचं. मला भेंडी आवडत नाही हे पण मत आहे, पण त्यावर कुणी जाब विचारणार नाही. सगळ्यांना समान मान हवा असं म्हटलंस की लगेच लोक विचारणार, सगळ्यांना म्हणजे कुणाकुणाला, तुझ्या घरी भांडी घासायला येणाऱ्या मावशींना पण का? तिथे अडखळलीस तर तुला एकतर मूल्य बदलावं लागेल नाहीतर घरातला वेगळा कप. बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत जे सांगितलं ते हेच होतं, की २६ जानेवारी १९५० ला आपण विसंगतीच्या आयुष्यात शिरतोय, राजकारणात समता असेल आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता. एका माणसाला एक मत आणि प्रत्येक मताची किंमत सारखी, हे 'हवं' त्यांनी सोडलं नाही, आणि समाजात 'दिसतं' काय तेही लपवलं नाही. दोन्ही एका श्वासात सांगितलं. ते भाषण मूळ वाच, गाईडमधले पाच मुद्दे नको.

आता तुझ्या गावच्या सरपंचबाई. तू एका वाक्यात दोन गोष्टी बोललीस. नवरा कारभार बघतो, हे तू पाहिलंयस, ठीक, एका गावाचं पाहिलंयस. 'म्हणून उपयोग नाही' हे मात्र तू पाहिलेलं नाहीस, तो तू काढलेला अर्थ आहे. उपयोग नाही म्हणायचं तर बाई सरपंच असलेलं गाव आणि नसलेलं गाव शेजारी ठेवून बघायला पाहिजे, आणि ती गावं बाकी बाबतीत सारखी पाहिजेत. इथेच खरी अडचण असते, कारण जिथे बायका आपसूक निवडून येतात ते गाव आधीच पुढारलेलं असणार, मग फरक बाईमुळे पडला की गावामुळे, कळायचं कसं?

ही अडचण आरक्षणानेच सोडवली. आपल्याकडे आरक्षणाची सोडत निघते ना, तहसीलमध्ये लहान मूल बरणीतून चिठ्ठी काढतं आणि बाहेर सगळे मोबाइल घेऊन उभे असतात. कुठलं गाव बाईला जाणार ते गावाच्या गुणावर ठरत नाही. पश्चिम बंगाल आणि राजस्थानमध्येही कुठली पंचायत राखीव होणार हे कुणाच्या मर्जीवर नव्हतं, आणि याचाच फायदा घेऊन राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर डुफ्लो यांनी बीरभूम आणि उदयपूर या दोन जिल्ह्यांतल्या २६५ पंचायतींची तुलना केली, २००४ ला ते छापून आलं. डुफ्लो म्हणजे त्याच ज्यांना २०१९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांना दिसलं की जिथे पद बाईला राखीव होतं तिथे पिण्याच्या पाण्यावर जास्त काम झालं, दोन्हीकडे. रस्त्यांचं मात्र बंगालमध्ये वाढलं आणि राजस्थानात कमी झालं. का, तर त्या त्या ठिकाणच्या बायका ज्या तक्रारी घेऊन पंचायतीत जात होत्या त्याच्याशी ते जुळत होतं, बंगालमध्ये बायकांना रस्ते पण हवे होते, राजस्थानात ती मागणी जास्त पुरुषांची होती.

हे वाचून लगेच 'बघा, मी चूक' असंही म्हणू नकोस. त्यांनी असं कुठे म्हटलेलं नाही की नवरे लुडबुड करत नाहीत. लुडबुड असूनसुद्धा पैसा कुठे गेला त्यात फरक पडला, एवढंच. आणि दुसरं, समजा उद्या कुणी दाखवलं की काहीच फरक पडत नाही, बाई काय नि पुरुष काय कारभार तसाच, तरी गावातली निम्मी माणसं त्या खुर्चीवर बसायलाच नकोत का, हा प्रश्न उरतोच. आपल्याकडे १९९२ च्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने एक तृतीयांश जागा आल्या आणि २०११ पासून महाराष्ट्रात निम्म्या झाल्या, त्यामागे फक्त 'बाई आली की नळ येतो' असा हिशोब नव्हता.

तुला खरंच तपासायचं असेल तर ग्रामपंचायतीत जाऊन प्रोसिडिंग बुक बघायला माग. गेल्या पाच वर्षांतले ठराव, सूचक कोण अनुमोदक कोण, पाण्यावर किती, सभामंडपावर किती. नाही दाखवलं तर माहिती अधिकाराचा अर्ज टाक, दहा रुपये फी आहे, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. आणि १५ ऑगस्टच्या ग्रामसभेला जाऊन नुसती डोकी मोज. कोरमला, म्हणजे किमान हजेरीला, एकूण मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, जे कमी असेल ते लागतं. माझ्या पोरांनी एका गावात मोजली तर एकेचाळीस होती आणि त्यातली नऊ तर आम्हीच. सभा तहकूब झाली आणि तहकूब सभेला कोरम लागत नाही हे पोरांना त्या दिवशी कळलं, आणि गावातल्या जाणत्या लोकांना ते आधीपासून माहीत होतं हे पण कळलं. पुस्तकातून हे कधीच शिकली नसती.

प्रश्न : आम्ही फी भरतो ती शिक्षणाची, राजकारणाची नाही. माझ्या मुलाच्या वर्गात बाईंनी निवडणुकीचे आकडे लिहून चर्चा घेतली आणि मुलगा घरी येऊन मलाच म्हणतो की सत्तेत येणाऱ्या पक्षाला बहुतेक लोकांनी मत दिलेलंच नसतं. हा सरळ सरळ प्रचार नाही का? शाळेत तक्रार करणार आहे. (एक पालक, पुणे)

उत्तर : दादा, तक्रार करायच्या आधी मुलाची वही बघा आणि एवढंच तपासा की आकडे एकाच पक्षाचे आहेत का. कारण मुलगा जे म्हणाला ते कुठल्याच पक्षाच्या विरोधात नाही, ते आपल्या निवडणूक पद्धतीबद्दल आहे. १९८४ ला काँग्रेसने चारशेपेक्षा जास्त जागा जिंकल्या, देशाच्या इतिहासातला सगळ्यात मोठा विजय, आणि मतं होती साधारण ४९ टक्के, म्हणजे तेव्हा पण निम्म्याहून जरा जास्त लोकांनी दुसऱ्यांनाच दिली होती. २०१४ ला भाजपने स्वतःच्या बळावर बहुमत घेतलं, २८२ जागा, ३१ टक्के मतं. त्याच निवडणुकीत बसपाला देशभरात ४ टक्क्यांच्या वर मतं पडली आणि जागा शून्य, तर अण्णा द्रमुकला त्याहून कमी मतं आणि जागा ३७, कारण त्यांची मतं तमिळनाडूत एकगठ्ठा होती आणि बसपाची विखुरलेली. लांब कशाला, २०२४ च्या लोकसभेला आपल्या ४८ जागांत महाविकास आघाडीला ३० आणि महायुतीला १७, एक अपक्ष, आणि दोन्ही आघाड्यांची मतं जवळजवळ सारखी. म्हणजे या पद्धतीची थप्पड कधी याला बसते कधी त्याला.

बाईंनी यातलं एकच उदाहरण लिहून बाकीची सोडली असतील तर तुमची तक्रार बरोबर आहे, मी पण तुमच्या बाजूने सही करेन. शिक्षकाने आपलं मत वर्गात सांगावं की नाही यावर आमच्या स्टाफरूममध्येच दोन तट आहेत. मी सांगत नाही. पोरं खूप खोदतात, कुणाला मत दिलं मॅडम, कुणाला दिलं, मी म्हणते पडदा कशाला लावतात बूथला? पण मी एक कसोटी पाळते, जो प्रश्न मी तुझ्या पक्षाला विचारला तोच दुसऱ्याच्या पक्षाला विचारायचा, नाहीतर विचारायचाच नाही. पोरांना पक्षपाताचा लगेच वास येतो, आपल्याला वाटतं त्याच्या दुप्पट.

बाकी मुलाने घरी येऊन तुम्हाला एक आकडा सांगितला आणि तुम्ही चिडलात, यात प्रचार दिसत नाही मला. बसून त्याला विचारा की मग पद्धत बदलावी का, मतांच्या प्रमाणात जागा दिल्या तर सरकार टिकेल का, आपला खासदार कोण हे तरी कळेल का. त्याच्याकडे तयार उत्तर नसेल. तुमच्याकडेही नसेल कदाचित, पण जेवताना टीव्ही बंद राहील.

प्रश्न : बारावीला राज्यशास्त्राचा प्रोजेक्ट करायचाय. विषय घेतलाय 'शहरात मतदान कमी का होतं'. गुगल फॉर्म बनवून ग्रुपवर टाकला, ११० उत्तरं आली, ९६ जणांनी मतदान केलंय म्हणे. आमच्या वॉर्डात तर टक्केवारी पन्नासच्या पण खाली होती. लोक खोटं बोलतायत का? आणि नोटाचं ('वरीलपैकी कोणी नाही'चं) पण टाकू का त्यात? (एक विद्यार्थी, ठाणे)

उत्तर : थोडे बोलतायत खोटं, पण मोठा घोळ वेगळाच आहे. तू फॉर्म कुणाला पाठवलास? तुझ्या ग्रुपवरच्यांना, आणि त्यातही ज्यांना मतदानाबद्दल बोलायला आवडतं त्यांनीच भरला. ज्याने मत दिलं नाही तो फॉर्म पण भरत नाही रे.

दुसरं, टक्केवारी म्हणजे भागाकार, आणि सगळे वरचाच आकडा बघतात. खालचा कोण बघतो? २०२४ च्या विधानसभेला राज्यात साधारण ६६ टक्के मतदान झालं, गडचिरोली जिल्ह्यात सत्तरच्या वर आणि कुलाब्यात ४४ च्या आसपास. लगेच पेपरात येतं की शिकलेले शहरी लोक आळशी. असतीलही. पण शहरात लोक भाड्याची घरं बदलतात, बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली की अख्खी सोसायटी विरार नाहीतर बदलापूरला, आणि नावं राहतात जुन्याच यादीत. मेलेल्यांची राहतात, लग्न होऊन गेलेल्या मुलींची राहतात. यादीत हजार नावं आणि तिथे राहणारे सातशेच असतील, त्यातल्या पाचशेंनी मत दिलं, तर कागदावर ५० टक्के आणि प्रत्यक्षात ७१. यातलं खरं किती ते तुझ्या वॉर्डापुरतं तूच मोजू शकतोस, आणि माझ्या मते प्रोजेक्ट तोच कर.

नोटा याच्यात घालू नकोस, तो वेगळाच विषय होईल, कारण नोटावाला बूथपर्यंत येतो. २०१३ पासून तो पर्याय आहे, आणि २०१९ ला लातूर ग्रामीणला तर नोटा दुसऱ्या नंबरवर होता, साडेसत्तावीस हजारांच्या आसपास मतं, तिसऱ्या नंबरच्या उमेदवाराच्या दुप्पट. ते लोकांचा राग म्हणून झालं की कुणी ठरवून करवून घेतलं यावर तेव्हा बरीच चर्चा झाली, आणि नुसत्या आकड्याकडे बघून ते सांगता येत नाही. पुढच्या वर्षी कॉलेजात गेलास की घे तो विषय.

आत्ता असं कर. तुमच्या बूथची मतदार यादी पीडीएफमध्ये मिळते, ती काढ. दर विसाव्या नावाला खूण कर, हजाराची यादी असेल तर पन्नास नावं होतील. मग एक मित्र सोबत घेऊन त्या पन्नास पत्त्यांवर रविवारी सकाळी जा, दुपारी नको, झोपमोड झाली की कुणी बोलत नाही. पहिला प्रश्न एवढाच की ही व्यक्ती इथे राहते का. राहत असेल तर मत दिलं का, नसेल दिलं तर काय अडचण आली. कुणाला दिलं हे विचारूच नकोस, आणि कुणी आपणहून सांगितलं तरी लिहू नकोस. कागदावर नावाच्या जागी फक्त नंबर. आणि जे घर बंद सापडेल त्याच्या बदली शेजारचं घर घ्यायचा मोह होईल, चहा पण देतील ते, पण घेऊ नकोस. संध्याकाळी एकदा परत जाऊन बघ, आणि तरी बंदच असेल तर 'बंद' म्हणून लिही.